दख्खनी लोकरीची घरगुती वस्त्रे : आखणी आणि उत्पादन

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली येथे दसरा आणि दिवाळी यांच्या दरम्यान विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडारा, खारीक आणि खोबरे यांच्याबरोबर लोकरीचीही उधळण हे या यात्रेचे वैशिष्ट्य होय. मेंढपाळाच्या घरी लोकर ही धान्याच्याच बरोबरीची लक्ष्मी मानली गेली, याचे हे जिवंत चिन्ह आहे. परंतु यात्रेहून परतताना माण, आटपाडी, सांगोला किंवा जत या भागांतील माळांवर थोडे हिंडून पाहिले, तर कातरलेली लोकर बांधाच्या कडेला टाकून दिलेली आढळते. मेंढीच्या अंगावरील लोकर वेळेवर उतरविली नाही तर गोचिडांचा उपद्रव होतो आणि जनावर उन्हाने हैराण होते. म्हणून कातरणी टाळता येत नाही. मात्र कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून आता भागत नाही. जो माल विकून मेंढपाळाच्या हाती चार पैसे येत असत, तोच उतरविण्यासाठी त्याला पदरचे पैसे मोजावे लागतात, अशी स्थिती अनेक ठिकाणी आली आहे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३ कोटी ३६ लाख किलो लोकर निघाली व तीत महाराष्ट्राचा वाटा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ १६ लाख किलो होता. दर मेंढीमागे वर्षाकाठी सुमारे सहाशे ग्रॅम, असा हा हिशेब होतो. देशाचे लोकर उत्पादन २०१४-१५ मध्ये ४ कोटी ८१ लाख किलो होते, हे ध्यानात घेतले म्हणजे घसरण किती झपाट्याने झाली ते दिसते. या घसरणीची कारणे अनेक आहेत. मांसाला चांगला भाव असल्याने मेंढपाळ मोठ्या बांध्याच्या, पण अंगावर लोकर विरळ असलेल्या मेंढ्यांकडे वळला. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी हे याचे ठळक उदाहरण होय. पानिपतची पुनर्वापराच्या धाग्यांची स्वस्त ब्लँकेटे आणि ॲक्रिलिकच्या रंगीत चादरी खेडोपाडी पोहोचल्या. घोंगडी विणणाऱ्या सनगर घरांतील तरुण अन्य व्यवसायांत गेले.

ही कारणे खरीच आहेत. तथापि आणखी एक कारण आहे व त्याची चर्चा क्वचितच होते. दख्खनी लोकरीपासून काय करावयाचे, हे ठरविताना आपण त्या लोकरीचा स्वभाव पुरेसा विचारात घेतला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

लोकरीचा स्वभाव

लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मऊ शाली ज्या मेरिनो लोकरीपासून होतात, तिचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास असतो. दख्खनी मेंढीचा तंतू त्याच्या दुप्पट, कित्येकदा त्याहूनही जाड भरतो. सर्वसाधारणपणे ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचे टोक त्वचेला टोचते. अर्थात मानेभोवती गुंडाळावयाचा मफलर किंवा तान्ह्या मुलाचे दुपटे दख्खनी लोकरीतून होणार नाही. कितीही धुतली, कितीही पिंजली तरी होणार नाही. ही लोकर मऊ करावी या हेतूने दख्खनी मेंढीचा मेरिनो व रॅम्बुले जातींशी संकर करण्याचे प्रयोग पूर्वी झाले. राहुरीच्या कृषि विद्यापीठातही असे संशोधन झाले आहे. त्या प्रयत्नांचे शास्त्रीय मोल आहेच. पण उन्हाळ्यात मैलोगणिक चालणाऱ्या आणि मिळेल त्या काट्याकुट्यावर गुजराण करणाऱ्या कळपात परदेशी रक्ताची मेंढी तग धरणे कठीण असते. शिवाय मेंढपाळाचे मुख्य उत्पन्न कोकरांचे. मऊ लोकरीसाठी तो कोकरांच्या वाढीवर पाणी सोडणार नाही आणि त्याला तसे सांगण्याचा अधिकारही आपल्याला नाही.

जाड तंतूचे गुण निराळे आहेत. तो घर्षणाला टिकतो, दबला तरी पुन्हा उभा राहतो आणि मळ लवकर धरीत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ शोषूनही हाताला ओली लागत नाही. म्हणूनच रिमझिम पावसात घोंगडी पांघरलेला धनगर दिवसभर मेंढ्यांमागे फिरू शकतो. पूर्ण भिजलेली घोंगडी मात्र लवकर वाळत नाही. आपल्या कचेऱ्यांत ज्या प्रकरणांना ‘भिजत घोंगडे’ म्हणतात, त्या वाक्प्रचाराचा उगम याच अनुभवात आहे. आणखी एक गुण घराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. लोकर पेट घेण्यास सुमारे ५७० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. ठिणगी पडली तर ती जळून काळी पडते, पण बहुधा आपोआप विझते. पॉलिएस्टर याच्या निम्म्याहून कमी तापमानाला वितळते व वितळलेला गोळा कातडीला चिकटतो. चूल, शेगडी किंवा निरांजन यांच्याजवळ अंथरावयाच्या आसनासाठी याहून दुसरा विचार करण्याची गरज नाही.

शिक्षकांनी हा धडा वर्गात प्रत्यक्ष करून दाखवावा. लोकरीचा व ॲक्रिलिकचा एकेक धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो व राख बोटांनी चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी होतो. बाजारात ‘अस्सल घोंगडी’ म्हणून जे विकले जाते, त्यातील काही मालाची परीक्षाही याच रीतीने होऊ शकेल.

या सर्व गुणांवरून एक गोष्ट निश्चित होते. दख्खनी लोकरीची जागा अंगाशी थोडी व भुईवर अधिक आहे. आसने, बैठका, सतरंज्या, पलंगाखालचे गालिचे, लोड-तक्क्यांची कव्हरे, भिंतीवरची पडदी, दाराशी पसरावयाची पायपुसणी आणि अर्थातच घोंगडी, ही तिची खरी क्षेत्रे होत.

कातरणीच्या जागीच निवड

वस्त्राची आखणी कागदावर सुरू होते, असा समज शहरात शिकलेल्या आपणा सर्वांचा असतो. काही वर्षांपूर्वी एका निवासी संस्थेसाठी मुलांना जेवणास बसावयाच्या आसनांची एक तुकडी तयार करण्याचे काम माणदेशातील एका गावात चालले होते. त्याची आखणी प्रस्तुत लेखकानेच केली होती. मापे, पट्ट्यांची रुंदी, काळ्या-पांढऱ्याचा क्रम, सर्व काही आलेख-कागदावर नीट मांडले होते. लोकर मात्र पोत्यांतून जशी आली तशी पिंजण्यास दिली गेली. पहिल्याच दिवशी कातणाऱ्या बायांतील एका वयस्क आजींनी मूठभर लोकर बोटांत चोळून बाजूला टाकली व म्हणाल्या, “साहेब, ही पाठीची न्हाई. पोटाची अन् तंगडीची हाय. हिचं सूत धरायचं न्हाई.” घाई होती. “आजी, या खेपेला चालवून घ्या,” असे त्यांना सांगण्यात आले. आसने दिसावयास सुरेख झाली. पण महिन्याभरातच त्यांतून आखूड तंतू गळू लागले. मुलांच्या कपड्यांवर, ताटांतही केस दिसू लागले आणि संस्थेने उरलेला माल परत पाठविला. संस्थेचे त्यात काही चुकले नाही. कातणाऱ्या बायांची मजुरी मात्र त्यापायी चार महिने अडकली. ज्या आजींनी दोष आधीच सांगितला होता, त्यांचेही पैसे त्यांत होते.

सबब निवड ही कातरणीच्या जागीच झाली पाहिजे. एकदा सर्व लोकर एका पोत्यात कोंबली की नंतर ती वेगळी करणे मजुरीच्या दृष्टीने परवडत नाही. खांदा व बरगड्या यांवरील लोकर सर्वांत लांब व एकसारखी असते. मांडीची जाड व केसाळ, पोटाची आखूड, तर पायांची व शेपटीजवळची मळकी. जाणती कातरणी करणारी माणसे कात्रीचा हात असा फिरवितात की पाठीची लोकर एकसंध पडते. त्याच जागी दुबार कातर मारल्यास तंतूचे दोन तुकडे होतात आणि लांबीच नष्ट होते. हे कौशल्य शिकविण्यास फार खर्च येत नाही, पण त्याची मजुरी मेंढ्यांच्या संख्येवर न देता नीट निवडलेल्या लोकरीवर द्यावी लागेल.

कोकराची पहिली कातरणी, म्हणजे जावळ, ही निराळीच राखावी. ती मऊ असते. घोंगडीपैकी जी अंगावर घ्यावयाची तिच्यासाठी, तसेच उशांच्या अभ्र्यांसाठी ती उपयोगी पडते. रंगानुसार निवडही येथेच व्हावी. काळी, पांढरी, करडी व तांबूस अशा छटा दख्खनी कळपात सहज सापडतात आणि चार पोती वेगवेगळी भरली की रंगाचा निम्मा प्रश्न सुटतो. कळपातील काळ्या मेंढ्यांची लोकर टोकांशी उन्हाने तांबूस झालेली असते. तिचे सूत संपूर्ण काळे न दिसता किंचित भुरे दिसते. हा दोष नव्हे. घरगुती वस्त्रात ही झाक फार चांगली उठते.

माणदेशातील वाडे दिवाळीच्या सुमारास कोकणात उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी परत येतात. बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदा कातरणी होते. ग्रामपंचायतीने या दिवसांची नोंद ठेवून एका छायेच्या जागी ताडपत्री, तराजू व निरनिराळी पोती यांची व्यवस्था केली तर मेंढपाळाला लोकर तेथेच निवडून, मोजून देता येईल. जमिनीवर कातरलेल्या लोकरीत माती, कुसळे व गोखरू मिसळतात. ते काढता काढता पिंजणाऱ्याची बोटे सोलवटतात. ताडपत्रीच्या खर्चाचा विचार करताना हे मोल लक्षात घ्यावे.

धुणे आणि पाणी

कातरणीपूर्वी मेंढ्यांना ओढ्यात किंवा तलावात धुण्याची जुनी पद्धत अत्यंत शहाणपणाची आहे. अंगावरची माती तेथेच जाते व वाहतुकीत मातीचे वजन वाहावे लागत नाही. दख्खनी लोकरीत मेरिनोच्या मानाने चिकटा कमी असल्याने तिला फार तीव्र धुणे लागत नाही. कोमट पाण्यात, म्हणजे ४५ ते ५० अंशांपर्यंत, रिठ्याचे किंवा सौम्य साबणाचे पाणी करून त्यात लोकर बुडवून ठेवावी. ती चोळू नये, आपटू नये आणि गरम पाण्यातून काढून एकदम थंड पाण्यात घालू नये. तंतूवर माशाच्या खवल्यासारखे बारीक पापुद्रे असतात. उष्णता, ओलावा व घुसळण या तिन्हींच्या योगाने ते एकमेकांत अडकतात आणि लोकर दाटून नमद्यासारखी होते. बुरणूस तयार करताना पिंजारी हेच मुद्दाम घडवून आणतो. विणावयाच्या लोकरीत ते नको. धुण्याच्या सोड्याचा अतिरेकही टाळावा. क्षार लोकरीला खातो. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात तर लोकर पूर्णपणे विरघळून जाते.

ज्या तालुक्यांत ही लोकर निघते ते बहुतेक अवर्षणप्रवण आहेत, हे विसरून चालणार नाही. धुण्याची तीन कुंडे करून शेवटच्या कुंडातील जवळजवळ स्वच्छ पाणी पुढील खेपेस पहिल्या कुंडात वापरावे. मेंढीच्या घामातील पालाश या पाण्यात उतरलेले असते. रिठा वा सौम्य साबण वापरला असेल तर ते पाणी विहिरीपासून दूर असलेल्या झाडांना देता येते. निवडीत बाजूला पडलेली आखूड व मळकी लोकरही फुकट घालवू नये. लोकरीत सुमारे १६ टक्के नत्र असते व ते जमिनीत सावकाश सुटते. फळझाडाच्या आळ्यात मातीखाली ती पसरली तर ओलावाही टिकतो.

सूत, वीण आणि मापाचा हिशेब

पिंजलेल्या लोकरीचे सूत चरख्यावर काढले जाते आणि हे काम परंपरेने मेंढपाळ व विणकर घरांतील स्त्रियांच्या हाती आहे. एका मागाला पुरेल इतके सूत देण्यास अनेक चरखे चालावे लागतात. घोंगडीच्या किमतीची चर्चा होते तेव्हा बोलणे नेहमी विणकराच्या मजुरीचे होते. वस्तुतः तासांच्या हिशेबाने सर्वांत अधिक श्रम कताईत जातात आणि सर्वांत कमी मोबदलाही तेथेच मिळतो. कोणत्याही नव्या योजनेत कताईचा दर आधी ठरवावा व त्यावरून वस्तूची किंमत काढावी. उलट क्रमाने गेल्यास जी तूट येते ती नेमकी या बायांच्या पदरी पडते.

ताण्याच्या सुताला घट्ट पीळ लागतो, बाण्याच्या सुताला सैल. घोंगडीसाठी ताणा उघड्यावर लांब पसरून त्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने चढवितात. चिंचोके भिजवून, दळून, शिजवून केलेली ही खळ सुताचे मोकळे तंतू बसविते आणि मागावर धागा तुटण्याचे प्रमाण कमी करते. खळ देण्यास ऊन लागते, त्यामुळे पावसाळ्यात हे काम मंदावते. पुरवठ्याच्या मुदती ठरविणाऱ्या अधिकाऱ्यांनी याची जाणीव ठेवावी. जुलै महिन्यात मागणीपत्र देऊन ऑगस्टअखेर माल मागणे म्हणजे विणकराला बाजारचे गिरणी-सूत वापरण्यास भाग पाडणेच होय. खळीने नव्या घोंगडीला जो ताठपणा व वास येतो, तो शहरी ग्राहकाला आवडत नाही. विक्रीपूर्वी एकदा धुऊन, ताणून वाळविल्यास तो बराच जातो.

भुईवरच्या वस्त्रासाठी साधी वीण पुरे, पण ताणा विरळ ठेवून बाणा फणीने इतका ठोकावा की ताणा दिसेनासा व्हावा. अशा विणीत झीज सर्वस्वी बाण्यावर पडते व जाड दख्खनी सूत ती सोसते. ताण्यासाठी सुती धागा वापरावा का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. सुती ताणा तुटत नाही, काम जलद होते, हे खरे. परंतु धुतल्यावर लोकर व कापूस सारख्या प्रमाणात आटत नाहीत, म्हणून नमुना धुऊन पाहिल्याशिवाय तसे करू नये. आणि केलेच तर वस्तूवर तसे स्पष्ट लिहावे.

नमुन्याचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. ९० सेंटिमीटर रुंद व १५० सेंटिमीटर लांब अशी बैठक करावयाची आहे. आधी ठरलेल्या सुताचा २० सेंटिमीटर लांब नमुना विणून तो कोमट पाण्यात धुवावा व वाळवावा. तो १८ सेंटिमीटर भरला तर आटण्याचे प्रमाण दहा टक्के झाले. मग तयार बैठक १५० सेंटिमीटर हवी असेल तर मागावर सुमारे १६७ सेंटिमीटर विणावे लागेल. रुंदीचेही असेच मोजमाप घ्यावे. रुंदी लांबीइतकी आटेलच असे नाही. तोच नमुना तराजूत घालून चौरस मीटरचे वजन काढता येते. ते दीड किलो निघाले तर १.३५ चौरस मीटरच्या या बैठकीला सुमारे दोन किलो सूत लागेल. निवड, धुणे, पिंजणे व कताई यांतील घट धरता कच्ची लोकर तीन किलोच्या घरात जाते, म्हणजे साधारण पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर झाली. दोन ते तीन किलो वजनाच्या घोंगडीचा हिशेबही थोड्याफार फरकाने असाच आहे. गावातील मेंढ्यांची संख्या ठाऊक असेल तर त्या गावाने वर्षात किती नग कबूल करावेत, हे यावरून कोणत्याही ग्रामसेवकाला काढता येईल.

रचनेबद्दल थोडेसे. घोंगडीच्या काठांवरील बारीक पट्ट्या, काळ्या अंगावर उठणारी पांढरी रेघ, यांत जे सौंदर्य आहे ते साधनांच्या मर्यादेतून आलेले आहे. प्रशिक्षण वर्गांत कित्येकदा मोर, कमळ, हत्ती अशा आकृत्या कागदावरून उतरविण्याचा आग्रह धरला जातो. जाड सुतात वर्तुळाकार रेषा पायऱ्यापायऱ्यांची दिसते व वेळ मात्र तिप्पट लागतो. पट्टा, चौकट आणि दोन छटांचे सूत एकत्र पिळून येणारा करडा पोत, एवढ्यावर विविधता पुष्कळ साधते.

रंग

नैसर्गिक छटांपलीकडे रंग हवाच असेल तर एक अडचण ओळखून पुढे जावे. दख्खनी लोकरीतील केसाळ तंतूंच्या गाभ्यात पोकळी असते व ते रंगविल्यावर फिके दिसतात. एकच लोकर, एकच भांडे, तरी सुतात दोन छटा उमटतात. पांढऱ्याऐवजी करड्या लोकरीवर रंग चढविल्यास ही विषमता खटकत नाही. एक किलो लोकरीस १०० ते १५० ग्रॅम तुरटी हे प्रमाण ठेवून लोकर आधी मंद आचेवर तासभर तुरटीच्या पाण्यात ठेवावी व त्याच पाण्यात निवू द्यावी. डाळिंबाच्या सालीने पिवळसर, बाभळीच्या सालीने व काताने तपकिरी, मंजिष्ठेने लाल असे रंग मिळतात. हळदीचा रंग सुंदर खरा, पण उन्हात टिकत नाही. बैठकीला तो देऊ नये. हिराकशीने रंग गडद होतो, परंतु तिचे प्रमाण वाढले तर तंतू ठिसूळ बनतो. क्रोमियमयुक्त क्षारांचा वापर घरगुती रंगकामात सर्वथा वर्ज्य मानावा. त्यांचे पाणी शेवटी गावाच्याच ओढ्यात जाते.

कसर

लोकरीचे वस्त्र घेण्यास ग्राहक बिचकतो तो बहुधा कसरीच्या भयाने. कसरीची अळी लोकरीतील प्रथिनावर जगते. घामाचे व अन्नाचे डाग असलेला आणि अंधारात घडी घालून ठेवलेला भाग ती आधी धरते. कडुलिंबाचा पाला घडीत ठेवण्याची रीत चांगली आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. महिन्यातून एकदा उन्हात पसरून दोन्ही अंगांनी झटकणे हा खरा उपाय होय. रोज वापरातल्या आसनाला कसर क्वचित लागते. कपाटात जपून ठेवलेल्या भेटीच्या घोंगडीला ती हमखास लागते. प्रत्येक नगाबरोबर मराठीत छापलेली चार ओळींची सूचना दिल्यास परतीच्या तक्रारी कमी होतील.

बाजार आणि प्रामाणिक नाव

हातमाग (उत्पादनासाठी वस्तू आरक्षण) अधिनियम, १९८५ अन्वये हातमागासाठी राखीव वस्तूंच्या यादीत बराक ब्लँकेट, कांबळ व कांबळी यांचा समावेश आहे. ही तरतूद पुष्कळांना ठाऊकही नसते. राज्यात १९७८ पासून मेंढी व शेळी विकासाचे महामंडळ कार्यरत आहे आणि रांजणी, महूद, दहिवडी, पडेगाव अशा ठिकाणी त्याची प्रक्षेत्रे आहेत. निवडलेल्या लोकरीचे नमुने व कातरणीचे शिक्षण यांसाठी अशी ठिकाणे सोयीची आहेत.

नावाच्या बाबतीत एक परदेशी दाखला उपयुक्त वाटतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर ‘हॅरिस ट्वीड’ नावाचे लोकरी कापड होते. १९९३ च्या कायद्याने असे ठरविले की तेथील रहिवाशांनी आपल्या घरी हातमागावर विणलेल्या कापडालाच ते नाव लावता येईल आणि त्याची लोकर त्याच बेटांत रंगविलेली व कातलेली असली पाहिजे. त्या कायद्याने केवळ कापडाला नव्हे, तर घरातील मागाला संरक्षण मिळाले. आपल्याकडे यंत्रमागावरील ॲक्रिलिक मिश्रणालाही ‘घोंगडी’ म्हणून विकण्यास काही अडथळा येत नाही. ग्राहक दोहोंची किंमत शेजारी शेजारी ठेवून पाहतो व हातविणीची घोंगडी महाग म्हणून सोडून देतो.

पहिला खरेदीदार मात्र बहुधा जवळच असतो. शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायतीची सभागृहे, देवस्थानांच्या धर्मशाळा यांना आसने व बैठका लागतातच. त्यांच्या वार्षिक खरेदीतील थोडा भाग कातरणीच्या हंगामाशी जुळवून आधी कळविला आणि रकमेचा काही अंश आगाऊ दिला तर कताईची मजुरी अडकणार नाही.

वर उल्लेखिलेल्या गावी आसनांची दुसरी तुकडी पुढील वर्षी झाली. त्या खेपेस आलेखाचा कागद नंतर निघाला. आधी ताडपत्रीवर पोती ओतली गेली आणि त्याच आजी आपल्या सुनेसह दोन दिवस लोकर निवडीत बसल्या. निवडीची मजुरी कताईच्या दराने लावण्यात आली. आलेल्या लोकरीपैकी जवळजवळ चौथा हिस्सा त्यांनी बाजूला काढला. तो शेजारच्या लिंबोणीच्या आळ्यांत गेला. ती आसने अद्याप वापरात आहेत. मधल्या काळात दोनदा धुतली गेली आणि काठाची शिवण एकदा बदलावी लागली.